आपण न निवडलेले वचन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



ख्रिस्ती लोकांच्या एका रोजच्या सवयीविषयी आज मला बोलायचे आहे. सकाळी उठल्यावर ते बायबलमधला त्या दिवसासाठी नेमून दिलेला उतारा वाचतात, त्यावर थोडा वेळ मनन करतात आणि त्या वाचनातून जी निघेल ती प्रार्थना करतात. मराठी ख्रिस्ती घरांत कुणी याला 'दैनिक मनन' म्हणतात, कुणी नुसते 'आजचे वचन'. दहा-पंधरा मिनिटांचे काम. मग चहा, मग डबा, मग दिवस सुरू.

मी ख्रिस्ती नाही. नमाज-रोजा पाळणाऱ्या घरात वाढलो, घरात दखनी बोललो आणि कविता मराठीत लिहिली. मग या विषयावर मी का बोलावे? एक कारण शेजाराचे. आमचे गाव नगर, म्हणजे तेव्हाचे अहमदनगर आणि आताचे अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ मध्ये सुरू झाले, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये इथूनच निघाला, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई याच गावात राहिले. आमचा मोहल्ला आणि ख्रिस्ती वस्ती यांच्यामध्ये फक्त एक बोळ होता. दुसरे कारण माझ्या धंद्याचे, म्हणजे शब्दांचे. 'नेमून दिलेला उतारा' यातल्या 'नेमून दिलेला' या शब्दांवर मी गेली कित्येक वर्षे अडकून बसलो आहे.

आपण कविता वाचतो तेव्हा आपल्या मनाजोगती निवडतो. दुःखात असलो की दुःखाची, प्रेमात असलो की प्रेमाची. इथे मात्र उलटा कारभार. उतारा आधीच ठरलेला असतो, तुमची मनःस्थिती त्याने विचारलेली नसते. तुम्ही आनंदात असाल आणि समोर यिर्मयाचा विलाप येईल. तुम्ही रडत असाल आणि समोर हर्षगीत येईल. त्यातून वाट काढून प्रार्थना करायची.

ही पद्धत जुनी आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू आपल्या गावी, नासरेथला, शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जातो, वाचायला उभा राहतो आणि त्याच्या हातात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ दिला जातो. दिला जातो, हे लक्षात घ्या. तो वाचतो, थोडे बोलतो. लोक आधी कौतुक करतात आणि जरा वेळाने त्यालाच गावाबाहेरच्या कड्यावर ढकलून द्यायला नेतात. वाचन ही किती जोखमीची गोष्ट आहे, हे या एका प्रसंगात आले. आमच्याकडेही पैगंबरांवर उतरलेला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच, हाच आहे.

पुढे मठांतल्या साधूंनी या वाचनाला शिस्त लावली. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये ग्विगो नावाचा एक मठाधिपती होऊन गेला. त्याने चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसते निवांत असणे. त्याने समजावलेही खाण्याच्या भाषेत. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थनेत चव लागते आणि चौथ्या पायरीवर उरतो तो गोडवा. या साधूंचा मननासाठीचा आवडता लॅटिन शब्द गाईच्या रवंथावरून आलेला आहे. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गोठ्यात बसलेली म्हैस ज्याने पाहिली आहे, त्याला मनन म्हणजे काय ते ठाऊक आहे.

सामान्य माणसाच्या घरात ही गोष्ट कशी आली, याची एक हकिकत मला फार आवडते. जर्मनीत सॅक्सनी प्रांतात हेर्नहुट नावाचे एक छोटे गाव आहे. मोराव्हियातून धर्मछळामुळे पळून आलेल्या निर्वासितांनी १७२२ मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर ते वसवले. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी झिंझेनडॉर्फने जमलेल्या मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले. मग रोज तसे होऊ लागले. सकाळी कुणीतरी घरोघर जाऊन ते वचन सांगायचा, घरात कोण कसे आहे याचीही विचारपूस करायचा. १७३१ साठी वर्षभराची वचने पुस्तकरूपाने छापली आणि तेव्हापासून ते पुस्तक दरवर्षी निघते आहे. त्याचे नाव 'लोझुंगेन', म्हणजे परवलीचे शब्द. रात्रीच्या पहाऱ्यावर शिपाई एकमेकांना ओळखण्यासाठी जो शब्द वापरतात, तो.

आणि ही वचने निवडतात कशी? चिठ्ठ्या टाकून. जुन्या करारातली सुमारे १८०० वचने क्रमांक घालून ठेवलेली आहेत. हेर्नहुटला चांदीच्या एका भांड्यातून वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एकेक चिठ्ठी काढतात. मग त्याला जुळेल असे नव्या करारातले वचन संपादक शोधतात आणि शेवटी एखादी प्रार्थना किंवा गीताचे कडवे जोडतात. पन्नासहून अधिक भाषांत हे पुस्तक निघते. २०२४ च्या जुलैमध्ये युनेस्कोने हेर्नहुटला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या समितीची बैठक भरली होती आपल्या नवी दिल्लीत, पण त्या बातमीकडे आपल्यातल्या किती जणांचे लक्ष गेले असेल, कोण जाणे. याच मंडळीचे मिशनरी १८८५ मध्ये लडाखमध्ये लेहला गेले, म्हणजे परवलीचा हा शब्द हिमालयातही पोचलेला आहे.

चिठ्ठी म्हटले की आपल्याला लगेच शकुन आठवतो. आमच्या लोकांत हाफिजच्या दिवाणात बोट घालून फाल काढायची जुनी चाल आहे. बायबल मध्येच उघडून कौल घेणारे ख्रिस्तीही मी पाहिले आहेत. मुलीला स्थळ आले आहे, होकार द्यावा का, बोट कुठे पडते बघू. मला यात रस नाही. कौल घेणारा माणूस प्रश्न घेऊन पुस्तकाकडे जातो आणि आपल्या सोयीचे उत्तर मिळेपर्यंत पाने उलटतो. नेमलेले वचन तुमच्याआधीच येऊन बसलेले असते. ते तुमचा प्रश्न ऐकून घेत नाही, स्वतःच एखादा विचारते.

लोझुंगेनचे सर्वांत गाजलेले वाचक म्हणजे डीट्रिख बॉनहोफर, हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक. १९३९ च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. मित्रांनी त्यांच्या सुरक्षिततेसाठीच ती सोय केली होती. राहिले असते तर वाचले असते. पण त्या दिवसांतल्या त्यांच्या डायरीत रोजच्या वचनांच्या नोंदी आहेत आणि त्यांतून त्यांची घालमेल दिसते. २६ जूनला त्यांच्या वाचनात पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्राचा शेवट आला. म्हातारा पौल तुरुंगात आहे आणि तरुण मित्राला कळवतो आहे की हिवाळ्याच्या आत ये. खरे तर ही किती साधी घरगुती ओळ! त्याच पत्रात तो आपला विसरलेला झगा आणि पुस्तकेही मागवतो. पण बॉनहोफर त्या ओळीभोवती दिवसभर घुटमळले. देशात निघून येण्याचा निर्णय त्यांनी आधीच घेतला होता, वचनाने काही चमत्कार केला नाही. जुलैत ते परतले. १९४३ मध्ये अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी देण्यात आले.

त्यांच्या बायबलमध्ये आणखी एक खूण आहे. ७४ व्या स्तोत्रात देवाची प्रार्थनास्थळे जाळली गेल्याचा आक्रोश आहे. त्या ओळीजवळ समासात त्यांनी पेन्सिलीने एक तारीख लिहून ठेवली : ९ नोव्हेंबर १९३८. त्या रात्री जर्मनीभर यहुद्यांची सभास्थाने जाळली गेली. दुसरे काही लिहिले नाही, नुसती तारीख. जळलेली प्रार्थनास्थळे दुसऱ्यांची होती आणि माणूस आपल्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात त्यांची नोंद करतो आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून उठलो आणि ओट्यावर जाऊन उभा राहिलो. तारखा आपल्याकडेही आहेत. १९९२ च्या डिसेंबरची एक आहे, १९९३ च्या जानेवारीतल्या काही आहेत. त्या आपल्यापैकी कुणी कुठल्या समासात लिहिल्या?

आता थोडी तक्रार. हेर्नहुटच्या भांड्यातल्या चिठ्ठ्या १८०० आणि जुन्या करारातली वचने २३ हजारांच्या आसपास. म्हणजे चिठ्ठी नशिबाने निघते, पण भांड्यात काय टाकायचे हे माणसांनीच ठरवलेले. शाप, सूड, कत्तल हे त्यात फारसे येणार नाही, हे उघड आहे. हल्ली मोबाइलवर रोज सकाळी येणारी वचने तर आणखी गोड, मागे सूर्योदयाचे चित्र. कॅथलिक चर्चमध्ये रोजच्या प्रार्थनाविधीची नवी मांडणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे त्यातून सबंध वगळली, काहींच्या काही ओळी गाळल्या. कारण त्यांत शत्रूला दिलेले भयंकर शाप आहेत. १३७ व्या स्तोत्राची सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले, वीणा झाडांना टांगून ठेवलेले निर्वासित. पण त्याच स्तोत्राचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांपर्यंत जातो. तो शेवट गाळला.

गाळणारे लोक भित्रे नव्हते. भरल्या सभेत असे शब्द मोठ्याने वाचले तर काय होऊ शकते, याचा अनुभव त्या खंडाने घेतलेला होता. तरी मला विचाराल तर मी ते गाळले नसते. घर जळालेल्या माणसाच्या तोंडून दुसरे काय निघणार? तो ते देवापुढे ओकला तर निदान शेजाऱ्याच्या दारावर दगड घेऊन जाणार नाही, अशी आशा तरी धरता येते. स्तोत्रांना आम्ही जबूर म्हणतो. दाऊद पैगंबरांना अल्लाहने ती दिली, असे आम्ही मानतो. त्यामुळे हा वाद मला परक्याच्या घरातला वाटत नाही.

कॅथलिकांची रोजच्या वाचनांची आजची मांडणी १९६९ ची आहे. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे, इतर दिवशीच्या पहिल्या वाचनाचे दोन वर्षांचे. म्हणजे जगातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये एका दिवशी साधारण एकच उतारा असतो. वसईत मराठीत, मनिलात तागालोगमध्ये. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेपूर्वी वसईतही मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. आज तिथली म्हातारी बाई तोच उतारा आपल्या भाषेत ऐकते, यामागे मराठीतल्या किती लोकांची मेहनत आहे! थॉमस स्टीफन्सने गोव्यात १६१६ मध्ये ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' दिले. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करत राहिल्या, ते काम संपवले आणि १९२२ मध्ये गेल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये आले. साध्या मराठीचा रमाबाईंचा आग्रह मला विद्वत्तेपेक्षा मोठा वाटतो. स्वयंपाकघरात उभ्याने वाचायचे पुस्तक स्वयंपाकघरातल्या भाषेत हवे.

आता बोळाच्या पलीकडच्या मावशींविषयी सांगतो. त्या शाळेत शिक्षिका होत्या. माझी अम्मी त्यांना 'बाई' म्हणायची, त्या अम्मीला 'भाभी'. त्यांच्या मंडळीने वाचनाचा एक तक्ता छापला होता, तो त्यांच्या बायबलात घडी करून ठेवलेला असे. रोज सकाळी पायरीवर बसून त्या मोठ्याने वाचायच्या. मनन कसे करता, असे मी एकदा विचारले. म्हणाल्या, "तीन गोष्टी बघते. काय लिहिलंय, मला काय म्हणतंय आणि मी उलट काय म्हणू." उलट काय म्हणू, हे त्या अगदी शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचा मोठा मुलगा गेला. ट्रक चालवायचा. पुण्याहून येताना पहाटे अपघात झाला. सकाळी वस्तीत माणसे जमली, आमच्याकडचेही सगळे गेले. पाळक आले. त्या दिवशीच्या तक्त्यात १२१ वे स्तोत्र होते. ते प्रवाशांचे स्तोत्र आहे. माणूस घराबाहेर पडतो आणि परत येतो, त्या दोन्हींवर देवाची राखण असते, असा त्याचा भाव. पाळकांनी तक्ता पाहिला आणि हलकेच म्हणाले, आपण दुसरे एखादे वाचू. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "नाही, पाळकसाहेब. आजचं हेच आहे. हेच वाचा. त्यानं काय कबूल केलंय, ते त्यालाही ऐकू द्या."

पाळकांनी वाचले. वाचताना त्यांचा आवाज दोनदा थांबला. मी दाराशी उभा होतो. आमच्याकडे मयताच्या घरी यासीन पढतात, सगळ्यांसाठी तीच. तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही, आणि त्याचा एक आधार असतो. पण इथे जे घडले ते वेगळेच होते. एक बाई देवाला त्याचाच करार वाचून दाखवत होती आणि तरी ती देवाशीच बोलत होती. पुढे मी कविता म्हणून जे काही लिहिले, त्यात हा सूर मला एकदाही नीट साधलेला नाही.

मावशी गेल्यानंतर त्यांच्या मुलीने ते बायबल मला पाहायला दिले. १२१ व्या स्तोत्राजवळ समासात तारखांची रांग आहे. तक्त्याप्रमाणे जेव्हा जेव्हा ते स्तोत्र आले, तेव्हा तेव्हाची तारीख. पहिल्या पाच तारखांपुढे प्रश्नचिन्ह आहे. पुढच्या तारखांपुढे नाही. त्यांना उत्तर मिळाले, असा अर्थ मी काढत नाही. त्यांच्या मुलीनेही काढला नाही. वाचणे त्यांनी एकदाही चुकवले नाही, एवढे मात्र त्या रांगेवरून कळते.

त्याच बायबलात मत्तयच्या पहिल्या पानावर १९९७ मधली एक तारीख आहे आणि तिच्यापुढे 'भाभी' असे लिहिले आहे. ती मला पाहताक्षणी ओळखता आली. त्या सकाळी अम्मीचे ऑपरेशन होते. मावशी सहा वाजताच दवाखान्यात आल्या, पिशवीतून बायबल काढले, तक्ता पाहिला आणि जरा ओशाळल्या. त्या दिवशीचे वाचन म्हणजे मत्तयचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी नुसती नावांची यादी. ऑपरेशनच्या आधी धीर द्यायला याहून निरुपयोगी उतारा सगळ्या बायबलात शोधून सापडायचा नाही. मी म्हटले, मावशी, दुसरे काही वाचा. त्या म्हणाल्या, "आजचं हेच आहे." आणि वाचायला लागल्या.

अब्राहाम हे पहिलेच नाव आले आणि अम्मीने डोळे उघडले. म्हणाली, "इब्राहीम? अलैहिस्सलाम." मावशी थांबल्या. मग इसहाक आला, अम्मी म्हणाली, "अलैहिस्सलाम." याकोब आला, पुन्हा तसेच. मावशी प्रत्येक नावानंतर थांबू लागल्या, अम्मीचे म्हणून झाले की पुढचे नाव घ्यायच्या. मधली काही नावे अनोळखी होती. तिथे अम्मी नुसती मान हलवायची, जणू दूरचे नातेवाईक. दावीदाला पुन्हा आवाज चढला. शलमोन म्हणजे सुलेमान हे मावशींनीच सांगितले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली होती.

रहबामानंतर बराच वेळ ओळखीचे कुणी येईना. शेवटी मरियम आहे, हे मला माहीत होते, म्हणून मी अम्मीला थोडे थांब म्हणत होतो. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. मावशींनी पानावर बोट ठेवून पुस्तक मिटले. अम्मी स्ट्रेचरवर सरकता सरकता त्यांना म्हणाली, "रुको बाई. बाकी के नामां आने के बाद."

चौथ्या दिवशी, खाटेवर उशीला टेकवून बसवल्यावर, तिने आधी चहा मागितला आणि मग बाकीची नावे.